कोपरे काळे पडले तर आधी पॅनेल काढा

घरी बनवलेल्या प्रोजेक्टरचं चित्र बिघडलं, की संशय सगळ्यात आधी दिव्यावर जातो. माझ्या प्लायवूडच्या खोक्यातून भिंतीवर चित्र पडलं तेव्हा मधला भाग लख्ख होता आणि चारही कोपरे काळवंडलेले. बघायला आलेल्या प्रत्येकाचा सल्ला एकच, दिवा वाढवा. 50 वॅटचा एलईडी काढून 100 वॅटचा बसवला. मध्य आणखी उजळला, कोपरे तसेच राहिले आणि थोड्याच वेळात चित्राच्या मधोमध काळा डाग पसरू लागला. एलसीडी पॅनेलमधले द्रवस्फटिक प्रमाणाबाहेर तापले की त्यांची रचना मोडते आणि तेवढा भाग काळा पडतो. पॅनेल निवल्यावर डाग गेला, पण मागच्या पोलरायझर फिल्मवर चढलेला तपकिरी रंग कायमचा राहिला.

खोक्यात दोन वेगळी कामं चालतात. पॅनेलचं चित्र भिंतीवर उतरवायचं काम प्रोजेक्शन भिंगाचं. प्रकाश त्या भिंगापर्यंत पोचवायचं काम वर्तुळाकार खाचा असलेल्या दोन सपाट फ्रेनेल भिंगांचं. मागचं फ्रेनेल दिव्याचे किरण समांतर करून पॅनेलमधून सोडतं, पुढचं ते गोळा करून भिंगाच्या तोंडात घालतं. कोपऱ्यातले किरण भिंगाच्या बाहेरून गेले, तर दिवा कितीही मोठा असला तरी कोपरा काळाच राहणार.

म्हणून आधी पॅनेल बाहेर काढा. दिवा मंद करा आणि भिंगाच्या जागी पांढरा कागद धरा. त्यावरचा प्रकाशाचा ठिपका भिंगाच्या व्यासात मावला पाहिजे. माझा ठिपका भिंगापेक्षा बराच मोठा निघाला. कागद दिव्यापासून लांब नेत गेलो तसा तो लहान होत गेला. पुढचं फ्रेनेल 200 मिलिमीटर नाभीय अंतराचं म्हणून विकलं गेलं होतं, मोजलं तर 330 भरलं. लेबलवर विसंबू नका. खिडकीसमोर उभं राहून लांबच्या इमारतीची प्रतिमा कागदावर घ्या. ती स्पष्ट होते तेव्हाचं कागद आणि फ्रेनेलमधलं अंतर, तेच नाभीय अंतर. हे उन्हात कधीही करू नका. वहीच्या पानाएवढं फ्रेनेल सुद्धा सूर्याखाली कागद पेटवतं आणि डोळ्याला कायमची इजा करू शकतं. काम नसेल तेव्हाही ते झाकून, उन्हापासून दूर ठेवा.

दोन्ही फ्रेनेलची खाचांची बाजू पॅनेलकडे हवी. पुढचं फ्रेनेल पॅनेलला चिकटवलंत, तर खाचांची वर्तुळं चित्रात दिसतात. एक-दोन सेंटिमीटर अंतर सोडा.

प्रकाशाची वाट सरळ झाली की मग फोकस. 200 मिलिमीटरच्या भिंगाने 3 मीटरवर चित्र हवं असेल, तर शाळेतल्या सूत्राने पॅनेल भिंगापासून सुमारे 214 मिलिमीटरवर येतं आणि चित्र 14 पट होतं, म्हणजे 7 इंची पॅनेलचं साधारण 98 इंच. पुढचं फ्रेनेल वाटेत असल्यामुळे हे अंतर थोडं बदलतं, म्हणून भिंग सरकतं ठेवा. एकच कड धूसर राहत असेल, तर भिंग आणि पॅनेल समांतर नाहीत; फोकस फिरवून ते जाणार नाही, गुण्या लावून चौकटच नीट करावी लागते. चित्र वर न्यायचं असेल तर खोका तिरपा करू नका, चित्र वर रुंद आणि खाली अरुंद होतं. पॅनेलशी समांतर ठेवूनच भिंग वर सरकवा, सोबत पुढचं फ्रेनेलही.

आरसा वापरणार असाल तर घरातला साधा आरसा चालत नाही. त्याच्या काचेच्या पुढच्या पृष्ठावरूनही परावर्तन होतं आणि अक्षरांना सावली येते. पुढच्या पृष्ठावर लेप असलेलाच घ्या. काळा रंग राखाडी दिसत असेल, तर खोक्याला आतून बिनचकाकीचा काळा रंग द्या.

आणि उष्णता विसरू नका. रंगीत एलसीडी पॅनेलवर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम दहावा भाग, बहुधा त्याहूनही कमी, पलीकडे जातो. उरलेल्यातला बराचसा पॅनेलमध्येच जिरून त्याला तापवतो. मोठा दिवा विकत आणण्याआधी पॅनेलच्या दोन्ही अंगांवरून वारा वाहील असा पंखा बसवा.