वार्धक्यातील पतन आणि सुहृदांचे साहाय्य : एक चिकित्सोपयोगी विचार



वृद्ध रुग्ण घरात पडला की सर्वांचे लक्ष मोडलेल्या हाडाकडे लागते. हाड सांधले जाते, टाके निघतात. तरीही रुग्ण खाटेवरून उठत नाही. अशा रुग्णास काय कमी पडते, याचा विचार या लेखात आम्ही करीत आहोत.

विषयाचे महत्त्व

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या माहितीनुसार जगात दरवर्षी अंदाजे 6 लाख 84 हजार व्यक्ती पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात आणि प्राणघातक पतनांचे प्रमाण साठीपुढील वयात सर्वाधिक असते. आपल्या सोलापुरात ओली शहाबादी फरशी, न्हाणीघराचा उंबरठा, साठवलेल्या पाण्याची पिंपे आणि रात्रीचा अंधार ही नित्याची कारणे होत. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस आणि घरी वृद्ध दांपत्य, असे चित्र अनेक घरांत दिसते. अशा वेळी प्रथम धावून येतो तो शेजारी किंवा मित्र.

प्रथम निदान, मग तैल

पडल्यानंतर जांघेत वेदना, पाय आखूड दिसणे व बाहेरच्या बाजूस वळणे, पायावर भार न देता येणे ही खुब्याच्या अस्थिभग्नाची लक्षणे होत. तथापि हाड एकमेकांत रुतले असल्यास रुग्ण चार पावले चालूही शकतो. म्हणून क्ष-किरण तपासणीपूर्वी अभ्यंग, मर्दन किंवा पाय ओढणे सर्वथा वर्ज्य समजावे. डोक्यास मार असून रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेत असल्यास, तो शुद्धीवर असला तरी, त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

खुब्याच्या भग्नात शस्त्रकर्म शक्य तो 24 ते 48 तासांत व्हावे, असे आजचे मत आहे. विलंबाने शय्याव्रण, फुप्फुसाचा जंतुसंसर्ग आणि पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी हे उपद्रव वाढतात. ‘आधी काही दिवस लेप लावून पाहू’ हा सल्ला येथे प्राणावर बेतू शकतो.

सुश्रुतोक्त काल व आजचे शस्त्रकर्म

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात संधी स्थिर होण्यास प्रथम वयात एक मास, मध्यम वयात दोन आणि उत्तर वयात तीन मास सांगितले आहेत. पाय व कटी यांच्या भग्नात कपाटशयन म्हणजे फळीवर खिळ्यांच्या आधाराने स्थिर ठेवणे सांगितले आहे. यावरून वृद्धास तीन महिने निजवून ठेवावे, असा अर्थ काढणे योग्य नव्हे. कपाटशयनाचा हेतू भग्नस्थान स्थिर राखणे हा होता. आज शस्त्रकर्मात बसवलेला खिळा किंवा पट्टी तेच कार्य करते. भग्न स्थिर राहते आणि रुग्ण मात्र हालू शकतो. म्हणूनच बहुधा दुसऱ्याच दिवशी त्यास उभे केले जाते. अस्थी दृढ होण्याचा तीन मासांचा काल मात्र आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आहारात दूध, तूप, यूष व बृंहण अन्न सांगून लवण, कटु, अम्ल, क्षार व रूक्षान्न वर्ज्य केले आहे. सोलापूरकरांनी या काळात कडक भाकरी व झणझणीत शेंगाचटणी बाजूस ठेवून मऊ भाकरी दुधात कुस्करून, तूप घालून घ्यावी. मधुमेह, वृक्कविकार असल्यास त्यानुसार फरक करावा.

सुहृद हाच उपस्थाता

सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात सुश्रुताचार्य व्रणी रुग्णाजवळ कोणी असावे हे सांगतात. प्रिय बोलणारे, धीर देणारे मित्र गोष्टी सांगून व्रणाच्या वेदनांचा विसर पाडतात, असा त्याचा आशय आहे. चरकाचार्य उपस्थात्याचे चार गुण मानतात : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच. मित्राजवळ अनुराग असतोच. उरलेले गुण वैद्याने शिकवावयाचे असतात.

पडण्याची भीती हा स्वतंत्र उपद्रवच होय. भीतीने हालचाल कमी होते, मांसधातू क्षीण होतो, तोल जातो आणि रुग्ण पुन्हा पडतो. हे चक्र गुग्गुळाने तुटत नाही, सोबतीने तुटते. म्हणून औषधपत्रासोबत मित्रांसही पुढील सूचना द्याव्यात :

1. पहिल्या आठवड्यात एका वेळी दोघांनीच यावे, थोडा वेळ बसावे, हात धुऊन जवळ जावे.
2. ‘अमका पडला तो उठलाच नाही’ अशा कथा सांगू नयेत. ‘आता घराबाहेर पडू नका’ हा सल्लाही देऊ नये.
3. उठवताना दंडास धरून ओढू नये. चालताना दुर्बल बाजूस, किंचित मागे राहावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हाती द्यावी.
4. रोज ठरल्या वेळी एकाने चालण्यास सोबत करावी. आज दारापर्यंत, पुढे कोपऱ्यापर्यंत, अंती नेहमीच्या कट्ट्यापर्यंत.
5. भजनी मंडळात किंवा विड्या वळणाऱ्या भगिनींत जमिनीवर बसण्याची रीत आहे. शस्त्रवैद्याची अनुज्ञा मिळेपर्यंत तेथे खुर्ची ठेवावी, आणि एकटीस संकोच वाटू नये म्हणून आणखी एकीने खुर्चीवर बसावे.

लक्ष्मी-विष्णूसारख्या गिरण्यांत उमेदीची वर्षे एकत्र घालवलेल्या वृद्धांचे कट्टे आपल्या शहराने पाहिले आहेत. अशा कट्ट्यावरील रिकामी जागा ज्यांच्या मनाला लागते, तेच खरे उपस्थाते.

औषधविक्रेत्यांसाठी

पडलेल्या वृद्धासाठी कोणी वेदनाशामक मागितल्यास ‘पायावर भार देता येतो काय?’ हे अवश्य विचारावे. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते काय, याची चौकशी करून वैद्याकडे धाडावे. लाक्षादि गुग्गुळ, अस्थिशृंखला हे कल्प वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना गुग्गुळ विचारपूर्वक योजावा. काठीच्या टोकाचे रबर झिजले असल्यास बदलून द्यावे. वस्तू अल्पमोलाची आहे, पण पुढील पतन टाळते.

उपसंहार

वार्धक्यात वातप्राबल्य व अस्थिक्षय स्वाभाविक आहेत. त्यावर स्नेहन, बृंहण व तिक्तक्षीर बस्ती यांची योजना यथाकाल करावीच. परंतु केसपत्रकावर नाव, वय, प्रकृती यांखाली आणखी एक ओळ असावी : ‘रुग्णासोबत रोज चालणार कोण?’ तेथे नाव लिहिले जाईपर्यंत चिकित्सेचा एक पाद उणा आहे, असे समजावे.