जुनी गाडी, लांबचा पल्ला आणि लोकांची वर्गणी

मदतनिधीसाठी जुन्या, स्वस्त गाडीतून लांबचा प्रवास करण्याची कल्पना जगभर गाजली ती 2004 साली सुरू झालेल्या मंगोल रॅलीमुळे. पहिल्या वर्षी सहाच चमू निघाले. इंजिन एक लिटरच्या आतले, वाटेत आयोजकांची मदत नाही आणि सामाजिक कामासाठी निधी जमवायचा, अशा तिच्या सुरुवातीच्या अटी होत्या. 796 सीसीची मारुती 800 त्या अटीत सहज बसते. मुंबईच्या उपनगरांत ती अजूनही सोसायट्यांच्या आवारात उभी दिसते. इथली मित्रमंडळे मात्र अशा गाड्या काढतात ती शर्यतीसाठी नव्हे, तर कुठे पूर आला म्हणून.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा आणि कृष्णेच्या पुराने कोल्हापूर-सांगलीला वेढले आणि शिरोलीजवळ पाणी आल्याने पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद राहिला. तो खुला झाल्यावर प्रस्तुत लेखक तीन मित्रांसह मुलुंडहून चौदा वर्षांच्या मारुती 800 मधून मदतीचे सामान घेऊन निघाला. पुण्यापर्यंत गाडी कुरकुरली नाही. पुढे खंबाटकी घाटात साताऱ्याकडे जाणाऱ्या वाहनांना तेव्हा चढ चढावा लागे. बोगदा होता तो परतीच्या वाटेवर. त्या चढावर रेडिएटरची रबरी नळी फुटली. तापमानाचा काटा लाल रेषेवर गेल्यावरही ‘माथा गाठू, मग थांबू’ म्हणून गाडी रेटली आणि हेड गॅस्केट गेले. टोचन लावून गाडी गॅरेजला नेली आणि सामान ‘छोटा हत्ती’ टेम्पो ठरवून पुढे पाठवले. टोचन, टेम्पो आणि दुरुस्ती यांचा खर्च जमलेल्या वर्गणीहून अधिक झाला. तो चौघांनी खिशातून भरला, पण आधी वर्गणीला हात लावण्याचा विचार मनात येऊन गेला होता. नळी फुटली याहून ही गोष्ट गंभीर आहे.

दोष गाडीच्या वयाचा कमी आणि तिच्या सवयीचा जास्त होता. उपनगरातली गाडी स्टेशन ते बाजार, फार तर ठाण्यापर्यंत धावते. इंजिन पुरते तापण्याआधीच ती परत पार्किंगमध्ये येते, त्यामुळे मऊ पडलेली नळी, गाळ साचलेला रेडिएटर, सैल फॅनबेल्ट यांची परीक्षा कधी होतच नाही. म्हणून निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पूर्ण भार भरून कसारा घाट चढावा आणि इगतपुरीहून परत यावे. त्यात जे बिघडेल ते घराजवळ बिघडेल, आणि सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतील. सगळ्या नळ्या, बेल्ट, कूलंट आणि ब्रेक ऑइल नवे घालावे. काटा चढू लागताच थांबून इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

टायरचे वय नक्षीवरून कळत नाही. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1912 म्हणजे 2012 सालचा एकोणिसावा आठवडा. कमी धावलेल्या गाडीचे टायर नवे दिसतात आणि आतून कडक झालेले असतात. स्टेपनीचाही आकडा वाचावा.

भारही मोजावा. पाण्याच्या एक लिटरच्या बारा बाटल्यांचे खोके बारा किलोंहून थोडे जास्तच भरते. चार माणसे आणि अशी दहा खोकी म्हणजे जवळपास चारशे किलो, आणि ओझे वाहणारी गाडी स्वतः साडेसहाशे किलोंच्या आसपास. माणसे दोनच न्यावीत किंवा सामान टेम्पोने पाठवावे. काय हवे ते तिथल्या माणसाला फोन करून विचारावे. लेखकाच्या गाडीत जुने कपडे सर्वात जास्त होते आणि पोहोचल्यावर तेच कोणाला नको होते.

पैशाचा हिशेब गाडीपासून वेगळा ठेवावा. पेट्रोल, टोल, दुरुस्ती यांचा खर्च प्रवाशांनी स्वतः सोसावा आणि हे वर्गणी मागतानाच सांगावे. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क नुसार धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते; गणेशोत्सव मंडळांना हे ठाऊक असते, ऐनवेळी जमलेल्या मित्रांना नसते. त्यापेक्षा देणगीदारांनी थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात पैसे भरावेत. पावतीही संस्थेचीच मिळते. रक्कम गाडी सुटण्याआधी जमा झालेली असावी, म्हणजे गाडी कुठेही अडली तरी मदत अडत नाही.

निघण्यापूर्वी गाडीची कागदपत्रेही पाहावीत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. त्यासाठी अंधेरीची गाडी एमएच 02, बोरिवलीची एमएच 47, घाटकोपर-मुलुंडची एमएच 03 परिवहन कार्यालयाकडे जाते. जुन्या गाडीचा विमा बहुधा फक्त त्रयस्थाच्या नुकसानीपुरता असतो. टोचन त्यात येत नाही. प्रवास संपल्यावर गाडी संस्थेलाच द्यायची असेल, तर आधी संस्थेला ती हवी आहे का हे विचारावे आणि नमुना 29 व 30 भरून मालकी बदलावी. तोवर तिच्या दंडाची आणि अपघाताची जबाबदारी मुलुंडच्या मालकावरच राहते.