गाडी न पळवताच पहिलं बक्षीस?

प्रश्न : चिरंजीवांना बुलेटचं वेड. त्यांच्या हट्टापायी कस्टम मोटारसायकलींचं एक प्रदर्शन पाहून आलो. गाड्या दोरीपलीकडे नुसत्या उभ्या. एकही पळताना दिसली नाही, तरी संध्याकाळी बक्षिसं जाहीर झाली. जिच्याभोवती सगळ्यात जास्त गर्दी होती, तिला काहीच नाही! परीक्षक नेमकं बघतात काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : गर्दी टाकीवरचा रंग बघते. परीक्षक टॉर्च घेऊन उकिडवा बसतो आणि गाडीच्या पोटाखाली डोकं घालतो. खरा हिशेब तिथे होतो.

फ्रेमच्या दोन नळ्या जुळतात तिथलं वेल्डिंग एकसारखं आहे, की पुट्टी भरून, घासून वर रंग चढवलाय? तेलाची नळी तापलेल्या सायलेन्सरला खेटून तर जात नाही ना? हँडल पूर्ण वळवलं की ब्रेकची नळी ताणली जाते का, मूठ टाकीवर आपटते का? मडगार्ड टायरवर अगदी बेताचं बसवलं की फोटो झकास येतो. पण मागे शॉकॲब्सॉर्बर असतील, तर पहिल्याच खड्ड्यात टायर घासणार. थोडक्यात, गाडी पळवली नाही तरी ती पळण्याजोगी आहे का, हे उभ्या गाडीवरूनही बरंचसं कळतं. शिवाय काही ठिकाणी ती सुरू करून दाखवावी लागतेच.

चॉपर प्रकारच्या गाडीचा, पुढचं चाक धरणारा तो लांबलचक फोर्क घ्या. स्टिअरिंगचा अक्ष तिरपा खाली वाढवला तर जमिनीला जिथे टेकेल तो बिंदू आणि टायर प्रत्यक्ष टेकतो तो बिंदू, यांतल्या अंतराला ट्रेल म्हणतात. फोर्क जास्त कलता केला की सहसा हे अंतर वाढतं. मग गाडी हायवेवर नाकासमोर जाते, पण गल्लीत वळवताना पुढचं चाक एका अंगाला कोसळू बघतं आणि हात भरून येतात. जाणता कारागीर कलही देतो आणि ट्रेलही आटोक्यात ठेवतो. नुसता फोर्क लांबवणं लेथवाल्याकडे एका दुपारात होतं. त्याला गुण कशाचे द्यायचे?

गुण कोणी द्यायचे, हा मात्र जुना वाद आहे. बहुतेक ठिकाणी आयोजकांनी नेमलेले परीक्षक असतात आणि बांधणी, रंग, कल्पकता अशा रकान्यांत आकडे भरतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या एएमडी जागतिक स्पर्धेने वेगळी वाट धरली. तिथे स्पर्धकच एकमेकांच्या गाड्यांना मतं देतात. मला ही पद्धत जास्त पटते. यारीदोस्ती चालत असेलही, पण ज्याने स्वतः पत्रा ठोकून टाकी घडवली आहे त्याला दुसऱ्याच्या टाकीत कुठे घाम गाळलाय आणि कुठे मारून नेलंय, ते सांगावं लागत नाही. २०१२ चं उदाहरण बघा. स्पर्धा अमेरिकेतल्या स्टर्जिसला, म्हणजे हार्लेवाल्यांच्या पंढरीत. आणि जिंकलं कोण? आयर्लंडच्या मेडाझा सायकल्सची ‘रोंडिने’. इंजिन इटालियन मोटो गुझीचं, जुनं, एकाच सिलिंडरचं, ५०० सीसी. नुसत्या टाळ्यांवर निकाल लागला असता तर ही गाडी वर आली असती, असं मला वाटत नाही. प्रेक्षकांची आवड मोजायला कित्येक प्रदर्शनांत वेगळं बक्षीस ठेवतात; तुमची गर्दीवाली गाडी तिथे नक्की जिंकली असती.

चकचकीतपणा म्हणजे गुणवत्ता, हा समज जपानी कारागीर शिन्या किमुरा यांच्या गाड्यांसमोर टिकत नाही. ओकाझाकीत झीरो इंजिनिअरिंग काढून पुढे ते कॅलिफोर्नियात गेले. त्यांच्या कित्येक गाड्यांचा पत्रा उघडाच असतो, हातोडीचे घाव दिसतील असा. तिथे पुट्टीला लपायला जागाच नाही. कस्टम गाड्यांचं हे वेड जपानात किती मुरलंय ते बघायचं तर योकोहामाचा हॉट रॉड कस्टम शो. १९९२ पासूनचा, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी भरणारा.

पुढच्या वेळी जाल तेव्हा सकाळी दारं उघडताच आत शिरा. दुपारी नुसत्या सेल्फीवाल्यांच्या पाठी दिसतात. बसून बघा, डाव्या बाजूने आणि उजव्या बाजूने बघा. एक बाजू फोटोसाठी सजवून दुसरीकडे सगळं वायरिंग कोंबलेलं पुष्कळदा सापडतं. हात लावायचा नाही, बसणं तर दूरच. पट्ट्याचं बक्कल आणि बॅगेची चेन सांभाळा, एक ओरखडा महिन्याभराचं काम घालवतो. गाडीशेजारी स्टुलावर जो कंटाळून बसलेला असतो, बहुधा त्यानेच ती बांधलेली असते. त्याला “ॲव्हरेज किती देते?” एवढं सोडून काहीही विचारा. “सगळ्यात जास्त कशाने छळलं?” म्हटलंत तर अर्ध्या तासाची निश्चिंती.

आणि चिरंजीवांचा पुढचा हट्ट मला आत्ताच ऐकू येतोय, म्हणून सांगून ठेवतो. प्रदर्शनात शोभणारी प्रत्येक गाडी आपल्या रस्त्यावर चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून घ्या. फ्रेम कापायचा विचार असेल, तर आधी त्यांना माझ्याकडे पाठवा.