भोपळा पानात, तेल मापात

आईबाबांनो,

"आमच्याकडे भोपळ्याला कुणी हात लावत नाही हो!" असं तुम्ही म्हणता, आणि तीच मुलं भोपळ्याचे घारगे मात्र बघता बघता फस्त करतात. म्हणजे त्यांचं भोपळ्याशी वाकडं नाही. तळणाची चटक लागली की साधी भाजी पांचट वाटते, एवढंच. घारगे सणावाराला जरूर करा. रोजच्या जेवणाला मात्र आपली कोकणातली मेथीच्या फोडणीची भाजी परत आणा.

रत्नागिरीच्या आठवडा बाजारात लाल भोपळा फोडीनेही मिळतो. गर घट्ट, केशरी आणि बियांभोवतीचे धागे कोरडे असतील तीच फोड घ्या. 100 ग्रॅम कच्च्या भोपळ्यात 90 टक्क्यांहून अधिक पाणी असतं, उष्मांक जेमतेम पंचवीस आणि चरबी नावापुरती. पुढे ती वाढते ती आपल्या पळीमुळे.

चौघांसाठी अर्धा किलो भोपळा पुरे. साल कोवळी असेल तर काढू नका. फोडी जरा मोठ्याच ठेवा. कढईत दोन छोटे चमचे तेल, त्यात मोहरी आणि थोडे मेथीदाणे. दाणे लालसर झाले की लगेच हिंग, हळद, मिरची टाका. काळे पडले तर भाजी कडू होते. फोडी आणि मीठ घालून परता, वर खोलगट झाकण ठेवा आणि त्यात पाणी ओता. खरी मेख इथे आहे. गार झाकणाला आतून वाफ धरते, थेंब भाजीवर पडत राहतात, फोडी आपल्याच रसात शिजतात आणि तळाला लागत नाहीत. मग जास्त तेल हवं कशाला? फोडी मऊ झाल्यावरच आमसूल आणि सुपारीएवढा गूळ घाला. आंबट आधी पडलं तर शिजायला वेळ लागतो.

आता खोबरं. भाट्याला नारळाचं संशोधन केंद्र असलेल्या गावात "नारळ सोडा" म्हणायची माझी छाती नाही! पण ओल्या खोबऱ्यात साधारण एक तृतीयांश स्निग्धांश असतो. म्हणून मूठभर शिजवण्यापेक्षा दोन चमचे वरून पेरा. चवीला तेवढं पुरतं.

तेल अजिबातच नको, असं मात्र करू नका. भोपळ्याचा केशरी रंग बीटा कॅरोटीनचा. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, पण ते अंगी लागायला थोडा स्निग्धांश हवाच. दोन वर्षांखालच्या बाळाला तर आपलं पथ्य लावूच नका. त्याच्या मऊ भातात शिजलेला भोपळा कुस्करून घाला आणि वर तूप सोडा. काटकसर करायची ती मोठ्यांनी. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण 25 ग्रॅम आणि बाईला 20 ग्रॅम तेल-तूप पुरतं, म्हणजे चार-पाच छोटे चमचे. ते दिवसभराचं सगळं धरून, एका भाजीचं नव्हे. बाटली कढईवर तिरपी करण्याऐवजी चमचा वापरलात, की निम्मं काम झालं.

बिया काढायचं काम मुलांकडे द्या. हात बुळबुळीत होतात, त्यांना मजा येते. धुऊन, वाळवून, तव्यावर भाजल्या की शाळेतून आल्यावरचा खाऊ तयार. अगदी लहानग्यांना मात्र अख्ख्या बिया देऊ नका, घशात अडकतात.

एवढं करूनही मूल "नको" म्हणालं तर? रागावू नका, लालूचही दाखवू नका. पानात एकच फोड वाढा आणि विषय सोडा. पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. नवी चव अंगवळणी पडायला बरेचदा वाढावी लागते. आणि बाबा, तुम्ही तेवढं "मला आमटीभातच चालेल" म्हणून सुटका करून घेऊ नका. मुलं आपलं बोलणं ऐकोत न ऐकोत, आपलं पान बरोबर बघतात.