आधी बैठक, मग माईक

धुळे

चि. बंटीस,


तुझं पत्र मिळालं, कविताही मिळाल्या. कवितांकडे मागाहून येते, आधी तुझ्या काव्यमंचाबद्दल. नाव ठरलं, लोगो झाला, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं त्याची यादी झाली, प्रमाणपत्राचा नमुनासुद्धा तयार आहे म्हणतोस. कोणाची कविता कोण वाचणार आणि त्यावर कोण बोलणार, एवढंच पत्रात कुठे सापडलं नाही. म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. राग येईल. आला तरी पुढे वाच.

खानदेशातल्या पोराला कविसंमेलनाचं वेड असणं साहजिक आहे. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. त्यामागे नारायण नरसिंह फडणीस होते. ‘काव्यरत्नावली’ हे निव्वळ कवितेला वाहिलेलं मासिक ते १८८७ पासून जळगावातून चालवत होते. धरणगावात जन्मलेला सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोंबरे त्या संमेलनात कविता म्हणायला उभा राहिला आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. ही गोष्ट तुला पाठ असेल, आपल्याकडच्या प्रत्येक सूत्रसंचालकाला ती पाठ असते. त्याच्या पुढचं मात्र सहसा कोणी सांगत नाही. पदवी एका दिवसात मिळाली, पण पुढे हा मुलगा रेव्हरंड टिळकांच्या घरी जाऊन राहिला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला घरच्यासारखं सांभाळलं. टिळकांसारखा मुरलेला कवी रोज समोर, घरात कवितेचीच बोलणी. अठ्ठाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत तो भादलीला रेल्वेखाली गेला, पण तेवढ्या अवधीत जे लिहून झालं त्यात जळगावच्या टाळ्यांपेक्षा अशा घरांचा वाटा मोठा, असं माझं मत आहे.

तुला आत्ता तसं घर हवं आहे. मंच नंतरही मिळेल.

२०२४ मध्ये तुमच्या अमळनेरला सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, तेव्हा कविकट्ट्यावर तुलाही दोन-तीन मिनिटं मिळाली होती. फोटो मी फ्रेम करून ठेवलाय, हे कबूल. कविकट्टा असावाच. गावाकडून एसटीने आलेल्या माणसाला हजार अनोळखी माणसांसमोर एकदा उभं राहायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. पण तिथून तू काय घेऊन आलास, ते आठव. तुझ्या आधीच्या कवीचा एक शब्द तरी लक्षात आहे? नसणार, कारण तू स्वतःची वही चाळत होतास. आणि तुझं झाल्यावर तू चहाला गेलास. सगळेच जातात. शेवटच्या कवीला ऐकायला आयोजक, माईकवाला आणि त्या कवीची बायको एवढेच उरतात. महिन्याला असा एक कार्यक्रम करून वर्षाअखेर तुझ्याकडे बारा बॅनर जमतील.

त्यापेक्षा बैठक घाल. सात-आठ जणं पुरे, दहाच्या वर गेलात की पुन्हा कार्यक्रम होतो. वाचनालयाची एखादी खोली मागून घे, नाही मिळाली तर कोणाच्या तरी घरची गच्ची. एका बैठकीत तीनच कविता घ्यायच्या, त्यांच्या झेरॉक्स आठवडाभर आधी सगळ्यांच्या हातात. मोबाईलवर नको, कागदावर. पेन्सिलीने खुणा करता आल्या पाहिजेत. आता मुख्य नियम. कविता कवीने वाचायची नाही, दुसऱ्याने वाचायची. दुसरा जिथे अडखळतो तिथे बहुतेक वेळा लय तुटलेली असते, आणि आपण स्वतः वाचताना ती फट आवाजाने बुजवून टाकतो. वाचून झाल्यावर अर्धा तास त्या कवितेवर बोलायचं आणि तेवढा वेळ कवीने तोंड उघडायचं नाही. ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ हे वाक्य बैठकीत बंद. ‘छान’ आणि ‘भिडली’ हेही बंद. कुठली ओळ, का, एवढंच सांगायचं. पहिल्या दोन-तीन वेळा सगळ्यांची तोंडं उतरतील, एखादा यायचा बंद होईल. होऊ दे.

आता तुझ्या कविता. कापूस वेचणाऱ्या मायची कविता मला सगळ्यांत आवडली. बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली बोटं, कंबरेला बांधलेली ओटी, काट्यावर माप कमी भरल्यावर मुकादमाकडे न बघता तिने पदर झटकणं, हे सगळं तू पाहिलेलं आहेस आणि ते दिसतं. आणि मग शेवटच्या चार ओळींत ती एकदम त्यागाची मूर्ती होते, तिच्या चरणी स्वर्ग येतो. बंटी, ही मूर्ती प्रत्येक महिला दिनाच्या फलकावर असते. पदर झटकणारी बाई तुझ्या कवितेत होती, तिला तू स्वतःच घालवलंस. त्या चार ओळी काढ आणि पदर झटकण्यावर कविता थांबवून बघ. मंचावर टाळी त्या चार ओळींनाच पडेल, हे मला ठाऊक आहे. नेमकं ह्यासाठीच बैठक हवी, टाळी कुठे पडली हे तिथे कोणी विचारत नाही.

बैठकीचे धोकेही सांगते. पुण्यातलं रविकिरण मंडळ तू अभ्यासाला वाचलंस. १९२३ पासून माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे अशी मंडळी चहाच्या निमित्ताने जमायची आणि एकमेकांना कविता ऐकवायची. काव्यगायन त्यांनी लोकप्रिय केलं, पुस्तकं काढली. पण सतत एकमेकांतच राहिलं की एकमेकांच्या लकबी लागतात आणि त्या आपल्या आपल्याला दिसत नाहीत. बाहेरच्या अत्र्यांना त्या बरोबर दिसल्या, आणि १९२५ मध्ये त्यांच्या विडंबनांचं ‘झेंडूची फुले’ आलं. तुमच्यातही एक अत्रे असू द्या. नसला तर निदान कविता न लिहिणारा, फक्त वाचणारा एक माणूस घ्या. वाचनालयात रोज दुपारी पेपर वाचायला येणारा एखादा निवृत्त पोस्टमन चालेल, तो कोणाला घाबरणार नाही.

वेळ रविवारी दुपारची ठेव. संध्याकाळी सातला ठेवलीस तर मुली येणार नाहीत आणि खेड्यावरून येणाऱ्यांची परतीची गाडी चुकेल. मग ‘मुली लिहीतच नाहीत’ असं म्हणायला तुम्ही मोकळे. अहिराणीत लिहिणाऱ्यांना ‘बोलीभाषा विभाग’ असा वेगळा पाट मांडू नकोस, त्यांची कविता इतरांच्या कवितेसारखीच झेरॉक्स होऊन आली पाहिजे. बोलीतली कविता कागदावरच असते असं नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्या म्हणत गेल्या, आणि मुलाने, सोपानदेवांनी, व एका नातेवाइकाने त्यातलं जमेल तेवढं उतरून घेतलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये, अत्र्यांनी आग्रह धरल्यामुळे, पुस्तक आलं. उतरून न घेतलेलं किती गेलं असेल, याचा विचार करून मला अजून हळहळ वाटते. तुमच्या गल्लीत, तुमच्या मळ्यात कोणी म्हणत असेल तर वही घेऊन जा. काव्यमंचाचं हे काम प्रमाणपत्र छापण्यापेक्षा वरचं आहे.

पैशाचं एक. ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रहात आपली निवड झाली आहे, सहभाग शुल्क इतकं, दोन प्रती व सन्मानचिन्ह मिळेल’ असे निरोप तुला येत असतीलच. त्यात निवड फक्त तुझ्या पैशांची झालेली असते. ते पैसे कवितेच्या एखाद्या नियतकालिकाच्या वर्गणीला घाल. पुरुषोत्तम पाटलांनी आमच्या धुळ्यातून १९८५ मध्ये ‘कवितारती’ सुरू केलं आणि वर्षानुवर्षं चालवलं. मुंबई-पुण्याकडे तोंड करून बसायची गरज नाही, हे त्यातून मला पहिल्यांदा कळलं. छापायची फारच हौस असेल तर तुमचं तुम्ही छापा. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या पोरांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाईल करून काढलं होतं. तुमच्याकडे तर कॉलेजच्या दारातच झेरॉक्सचं दुकान आहे.

वाचनाचा कार्यक्रम करूच नको असं मी म्हणत नाही. बापट, पाडगावकर आणि करंदीकर एकत्र गावोगाव फिरले आणि लोकांनी कवितेला गर्दी केली. तिघांच्या तीन तऱ्हा होत्या आणि प्रत्येकाकडे वाचण्यासारखं बरंच काही जमलेलं होतं. सहा महिने बैठका घ्या, मग चार जणांचं एक वाचन ठेवा. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. दोन कवींच्या मध्ये सूत्रसंचालकाने स्वतःच्या चारोळ्या घुसडायच्या नाहीत, हे आमंत्रणपत्रिकेवरच छाप. शाल-श्रीफळ नको.

कोणी गझल घेऊन आलं तर त्यावर मतं देण्याआधी सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ सगळ्यांनी वाचा. नवीन लिहिणाऱ्यांसाठीच त्यांनी ती लिहिली होती. रदीफ-काफिया न कळता दिलेली दाद आणि टीका, दोन्ही फुकट.

उद्घाटनाला मला बोलावणार होतास, ते रद्द समज. पहिल्या बैठकीला येईन, पण दुपारच्या गाडीने आणि मागे बसायला. कुठल्या तीन कविता घेणार ते आठ दिवस आधी पाठव. मायची कविता त्यात असेल तर नवा खर्डा पाठव, जुना नको. तुझ्या आईला सांग, तिने मागितलेली कळण्याच्या पिठाची पिशवी तेव्हाच आणते.

तुझी,
आत्या