गर्दीचे कारण सांगून सेवा कमी करता येत नाही

प्रश्न : नवरात्रात कुटुंबासह तुळजापूरला दर्शनाला गेलो होतो. आगाऊ पैसे भरून लॉजची खोली घेतली होती. चादरी मळलेल्या, नळाला पाणी नाही, संडास तुंबलेला. काउंटरवर सांगितले, तर ‘गर्दीचे दिवस आहेत, नको असेल तर सोडा, पैसे परत मिळणार नाहीत’ असे उत्तर आले. भिंतीवर तशी पाटीही होती. नाइलाजाने रात्र काढली. आता काही करता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील सेवेच्या व्याख्येत निवास आणि भोजन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुक्काम मोफत असेल तर हा कायदा लागू होत नाही. पण भाडे घेतले की राहण्याजोगी खोली देण्याची जबाबदारी येते. लॉजचालक म्हणतील, नवरात्रात भाविकांची रीघ लागते आणि धाराशिव जिल्हा मुळातच दुष्काळी, मग पाणी आणायचे कुठून? अडचण खरी आहे. पण ती पैसे घेतानाही ठाऊक असते. पाणी ठरावीक वेळीच येणार असेल तर तसे आधी सांगावे, म्हणजे राहायचे की नाही हे भाविकाला ठरवता येते. न सांगता पूर्ण भाडे घ्यायचे आणि नंतर टंचाई पुढे करायची, हा बचाव टिकू नये.

पाटीचेही तेच. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले, की पाहुण्याने हॉटेलच्या ताब्यात दिलेली गाडी चोरीला गेली तर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ अशी छापील अट दाखवून हॉटेलला स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटता येत नाही. तो खटला गाडीचा होता, तरी त्यातले तत्त्व तुमच्या बाजूने मांडता येईल. रात्र काढली म्हणजे खोली पसंत होती, असाही युक्तिवाद होईल. मुलाबाळांसह रात्री दुसरी जागा मिळत नसताना थांबणे म्हणजे संमती नव्हे. मात्र खोली वापरली असल्याने संपूर्ण भाड्याचा हट्ट न धरता भाड्याचा वाजवी भाग आणि मनस्तापाची भरपाई मागणे अधिक न्याय्य ठरेल.

खरा प्रश्न पुराव्याचा आहे. खोलीचे फोटो, बुकिंगचा मेसेज, पैसे भरल्याची नोंद आणि पावती जपून ठेवा. तक्रार तोंडीच केली असेल तर आता लॉजला लेखी नोटीस पाठवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे तोडगा निघाला नाही, तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. एवढ्याशा रकमेसाठी धाराशिवला खेटे कोण घालणार, ही शंका रास्त आहे. पण तुम्ही राहता त्या पुण्यातच तक्रार दाखल करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. भाविक पुन्हा लवकर येणार नाही, भांडणारही नाही, या खात्रीवरच अशी उत्तरे दिली जातात. ती खात्री मोडायची असेल, तर नोटीस याच आठवड्यात पाठवा.