चौकात खेळणारी मुले

(अभ्यासासाठी शास्त्रभाग : जखऱ्या, अध्याय ७ व ८; सोबत विलापगीत २:११-१२ आणि योएल ३:३)



जखऱ्या संदेष्ट्याकडे लोक एक प्रश्न घेऊन आले होते. दारयावेश राजाच्या कारकिर्दीचे ते चौथे वर्ष, म्हणजे इ. स. पूर्व ५१८. बंदिवासातून काही लोक परतले होते. मंदिराचे काम चालू होते, पण पुरे झाले नव्हते. नगराचा तट तर ढासळलेलाच होता आणि तो उभा राहण्यास नहेम्याच्या काळापर्यंत आणखी सत्तरएक वर्षे लागणार होती. प्रश्न उपासाचा होता. मंदिर जळाले म्हणून पाचव्या महिन्यात इतकी वर्षे आम्ही शोक करीत आलो, तो पुढेही पाळावा काय? उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे येईल अशी विचारणाऱ्यांची अपेक्षा असणार. प्रत्यक्षात ते दोन अध्याय लांबले. त्यात खऱ्या न्यायाची गोष्ट आहे. विधवा, अनाथ, परके आणि गरीब यांची गोष्ट आहे. आणि मध्येच एक साधे चित्र आहे. हाती काठी घेतलेली वृद्ध माणसे बसली आहेत आणि नगराचे चौक खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेले आहेत.

ह्या चित्रावर आपल्या व्यासपीठांवरून फारसे बोलले जात नाही. तलवारींचे फाळ होतील ही वचने आपल्याला तोंडपाठ असतात. मुलांच्या ओरड्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. प्रस्तुत पाठात आपण त्या ओरड्याकडेच पाहणार आहोत, कारण गरीब वस्तीतील मुलांच्या फुटबॉलसाठी ख्रिस्ती मंडळीने आपले पटांगण आणि पैसा का द्यावा, हा प्रश्न आज अनेक शहरांतून प्रत्यक्ष उभा आहे.

भाषांतर करणाऱ्याला ह्या ओवीपाशी तीन शब्दांसाठी थांबावे लागते. पहिला शब्द 'रहोब'. त्याच्या मुळाशी रुंदपणाचा, ऐसपैसपणाचा अर्थ आहे. ही नगराच्या वेशीआतली मोकळी जागा. तिला 'रस्ता' म्हटले तर अर्थ आखडतो, 'चौक' बरा, आपल्या गावांतील वेशीलगतचे पटांगण अर्थाच्या सर्वांत जवळ जाते. पाणीवेशीसमोर लोकांनी एकत्र येऊन नियमशास्त्र ऐकले ती जागाही अशीच होती (नहेम्या ८:१). आणि यरुशलेम पडले तेव्हा तान्ही बाळे भुकेने मूर्च्छित होऊन पडली, तीही अशाच चौकांत. विलापगीताच्या दुसऱ्या अध्यायात शब्द तोच आहे. यिर्मया (९:२१) म्हणतो की, मृत्यूने तरुणांना ह्याच चौकांतून छाटून नेले. जखऱ्याच्या श्रोत्यांपैकी वृद्धांना ते दिवस ऐकून तरी ठाऊक असतीलच. त्यांच्यापुढे संदेष्ट्याने नवे मंदिर मांडण्याऐवजी तोच चौक पुन्हा मांडला, आणि त्यात मुले खेळताना दाखवली.

दुसरा शब्द 'यल्दा', म्हणजे लहान मुलगी. मुलगा ह्या अर्थाचा 'येलेद' हा शब्द जुन्या करारात वारंवार येतो. त्याचे स्त्रीलिंगी रूप मात्र सबंध जुन्या करारात तीनच ठिकाणी आहे. उत्पत्तीच्या ३४ व्या अध्यायात शखेम दीनेची विटंबना करतो आणि मग 'ती मुलगी मला बायको करून द्या' अशा अर्थाचे आपल्या बापाला सांगतो. तेथे हा शब्द आहे. योएलात परराष्ट्रांवरील आरोप असा आहे की, त्यांनी मुलगा देऊन वेश्या घेतली आणि मुलगी विकून द्राक्षारस प्याले. तेथे तो दुसऱ्यांदा येतो. तिसऱ्यांदा तो जखऱ्याच्या चौकात येतो. पहिली मुलगी भ्रष्ट केलेली, दुसरी विकलेली, तिसरी खेळणारी. संदेष्ट्याला 'मुले' एवढे म्हणून भागवता आले असते. त्याने मुली वेगळ्या सांगितल्या. ज्या वस्त्यांतून आजही दारूपायी घरे विकली जातात आणि मुलींची लग्ने वयाआधी उरकली जातात, त्या वस्त्यांत काम करणाऱ्याने हा क्रम विसरू नये.

तिसरा शब्द खेळण्याचा. हिब्रू भाषेत ह्या ठिकाणी हसणे आणि खेळणे यांना एकच क्रियापद आहे. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान देवासमोर आणि त्याच्या पृथ्वीवर आनंदाने बागडते, तेथेही तेच. अर्थात खेळ म्हणजे काम संपल्यावर उरलेला वेळ घालवणे, ही समजूत शास्त्राची नव्हे. "शारीरिक कसरतीविषयी पौल काय म्हणतो?" असे कोणी विचारील. १ तीमथ्य ४:८ मध्ये पौल तिचा उपयोग थोडा आहे असे म्हणतो. तो शून्य आहे असे म्हणत नाही. शिवाय तेथे त्याचा वाद लग्न करू नका, अमुक खाऊ नका असे शिकवणाऱ्यांशी चालला आहे. ते वचन मुलांच्या चेंडूवर फेकणे न्यायाचे नाही.

आता नागपूरकडे वळू. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये तेथे आले. पुढे १८८३ मध्ये त्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले. ह्याच हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे क्रीडाशिक्षक होते. २००१ मधील पावसाळी दिवसाची गोष्ट ते सांगत आले आहेत ती अशी : झोपडपट्टीतील काही मुले भर पावसात एक फुटकी बादली लाथाडत खेळत होती. बारसे थांबून पाहत राहिले. त्यांच्या ध्यानात आले की, जितका वेळ ही मुले खेळत आहेत तितका वेळ ती व्यसनापासून आणि वाईट संगतीपासून दूर आहेत. त्यांनी मुलांना खरा चेंडू दिला. पुढे केवळ झोपडपट्टीतील संघांची स्पर्धा भरवली, तेव्हा शंभराहून अधिक संघ उतरले. 'झोपडपट्टी फुटबॉल' हे सुरुवातीचे नाव; 'स्लम सॉकर' हे आज जगाला ठाऊक असलेले. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून बारसे यांनी नागपूरजवळ जमीन घेतली. त्यांचा मुलगा अभिजित अमेरिकेतून परतून ह्याच कामास लागला. २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोहोचली.

चित्रपटामुळे एक गैरसमज मात्र होण्याचा संभव आहे. एक सामना जिंकला आणि वस्ती पालटली, असे काही होत नाही. स्लम सॉकरचे खरे बळ रोजच्या सरावात आहे. सराव घेणारे पुष्कळ तरुण त्याच वस्त्यांतून वर आलेले आहेत. फुटबॉलच्या सरावातूनच गणित आणि भाषा शिकवण्याचाही उपक्रम त्यांनी चालवला आहे. ज्या मंडळ्या एकदाच मोठी स्पर्धा भरवतात, पाहुण्यांच्या हस्ते ढाल देतात आणि पुढच्या नाताळपर्यंत मैदानाला कुलूप लावतात, त्यांनी तोच पैसा एका प्रशिक्षकाच्या वर्षभराच्या मानधनाला द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाला आठवड्यातून तीन वेळा, ठरल्या वेळी, एकच ओळखीचे माणूस भेटले पाहिजे. ज्याच्या घरी कशाचीच वेळ ठरलेली नसते त्याच्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे.

बारशांच्या त्या पहिल्या चेंडूला कसलीही अट नव्हती. मुंबईत अशोक राठोड यांनी २००६ मध्ये कफ परेडच्या आंबेडकर नगरात मुले गोळा केली, तेव्हा मात्र एक अट घातली : जो शाळेत जाईल तोच खेळेल. आपल्याबरोबरची मुले शाळा सोडून लहानपणीच कामाला लागलेली त्यांनी स्वतः पाहिली होती, म्हणून ही अट आली. ती सफलही झाली. 'ऑस्कर फाउंडेशन' ही संस्था त्यातूनच वाढली. तरी जो मुलगा शाळेतून कधीच बाहेर फेकला गेला आहे त्याच्यासाठी दार कोणते, हा प्रश्न उरतोच. प्रारंभी सर्वांना घ्यावे आणि शाळेची गोष्ट महिन्या-दोन महिन्यांनी, ओळख झाल्यावर काढावी, हे मला अधिक बरे वाटते.

तिसऱ्या प्रकारची अट आपल्या लोकांच्या मनात असते आणि ती उघड बोलली जात नाही : मुले खेळायला आली की त्यांना उपासनेलाही आणावे. ह्याविषयी संदिग्धता नको. खेळ हे आमिष होऊ नये. गरिबाच्या मुलाला चेंडू दाखवून त्याच्या आईबापांच्या नकळत काही साधणे हे सत्य बोला, न्याय करा असे सांगणाऱ्या जखऱ्याच्या ८:१६ ला धरून नाही. आमच्या छत्तीसगडात ह्या एका संशयापायी किती चांगली कामे बंद पडू शकतात हे वेगळे सांगायला नको. पण मी भीतीपोटी हे लिहीत नाही. जखऱ्याच्या चौकातील मुलांना कोणी काही विचारीत नाही; ती खेळत आहेत, एवढेच.

मिशनच्या इतिहासात ह्याची एक बोलकी गोष्ट आहे. १८९१ मध्ये श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडेल-बिस्को यांनी फुटबॉल आणला. विद्यार्थी बहुतेक ब्राह्मण. चेंडू चामड्याचा आहे हे कळताच ते मागे सरले. शिक्षकांना हाती काठ्या देऊन मुलांना मैदानावर हाकावे लागले, आणि चेंडू एकाच्या तोंडावर लागताच सारा खेळ थांबून रडारड झाली; विटाळ धुण्यासाठी त्याला पाण्यावर न्यावे लागले. पुढे त्याच काश्मिरात फुटबॉल लोकप्रिय झाला, म्हणून ही कथा कौतुकाने सांगितली जाते. तो विटाळ मोडला याचा मलाही आनंद आहे. काठ्यांचे कौतुक मात्र मला करवत नाही.

चेंडू ज्यांच्या हातून शिवला जातो त्यांची आठवणही येथे करावी. आपल्याकडे फुटबॉल प्रामुख्याने जालंधर आणि मेरठ येथे बनतात. १९९०च्या दशकात ह्या शिवणकामात मुले राबतात हे जगापुढे आले, आणि सीमेपलीकडील सियालकोटसाठी १९९७ मध्ये ते थांबवण्याचा करारही झाला. एका मुलाने खेळावे म्हणून दुसऱ्याने शिवत बसावे, हे योएलाच्या आरोपपत्रात सहज शोभले असते. मंडळीच्या पैशाने चेंडू घेताना तो कोठे आणि कोणी केला हे दुकानदाराला अवश्य विचारावे.

खेळाचे नियमही बदलता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबार ह्या खेळाडूकडून १९९४ च्या विश्वचषकात स्वतःच्याच संघावर गोल झाला, आणि मायदेशी मेडेयिन शहरात त्याचा खून झाला. तेथे युर्गेन ग्रीसबेक या जर्मन गृहस्थांनी १९९६ च्या सुमारास टोळ्यांच्या वस्त्यांत नव्या रीतीचा फुटबॉल सुरू केला. मुलेमुली एकाच संघात, पंच नाही, पहिला गोल मुलीने करावा. सामन्याआधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, आणि सामन्यानंतर पुन्हा बसून कोण कसे वागले त्याचे गुण देतात. गोल जास्त करूनही संघ हरू शकतो. नैरोबीच्या मथारे वस्तीत १९८७ पासून चाललेल्या संस्थेने तर वस्तीतील कचरा उचलण्याचेही गुण सामन्यांच्या तक्त्यात धरले. मल्ल नियमाप्रमाणे झुंजला तरच त्याला मुगूट मिळतो, असे पौलाने तीमथ्याला लिहिले (२ तीमथ्य २:५). नियम ठरवण्यात ज्याला भाग मिळतो त्याला तो पाळणेही सोपे जाते, हे ह्या रीतीमागचे साधे तत्त्व आहे.

मी हे रायपूरच्या सदर बाजारात बसून लिहीत आहे. ही सराफांची जुनी पेठ. येथे सोन्याचे भाव फुटाच्या जागेलाही लागतात. मुलांना धावायला जागा कोठून मिळणार? येशूने बाजारात बसून एकमेकांना हाका मारणाऱ्या मुलांचा दाखला दिला (मत्तय ११:१६). त्या बाजारात मुलांना निदान बसायला जागा होती. आपल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी मोकळी भूमी आता फार थोड्यांकडे उरली आहे, आणि त्या थोड्यांत मिशनची आवारे आहेत. कित्येक ठिकाणी ती लग्नसमारंभांना भाड्याने जातात, कित्येक ठिकाणी विकलीही गेली. भाड्याने देऊच नये असे मी म्हणत नाही. उपासनालयाचे छप्पर त्यातूनच शाकारले जाते. परंतु वर्षातील किती संध्याकाळी ते पटांगण रिकामे असते याचा हिशेब पंचकमिटीने एकदा कागदावर मांडावा. चार-चार जणांच्या संघांना पूर्ण मैदान लागत नाही. बेघरांचा जो विश्वचषक २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सुरू झाला, तोही लहानशा अंगणात, चार-चार खेळाडूंनीच खेळला जातो. नागपूरच्या वस्त्यांतील तरुण त्या स्पर्धेपर्यंत जाऊन आले आहेत.

प्रारंभ करणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. बारा वर्षांखालील मुलांसाठी चार क्रमांकाचा चेंडू घ्यावा. मोठ्यांचा पाच क्रमांकाचा त्यांच्या पायांना जड पडतो. बुटांची सक्ती करू नये. मैदानातील काचा आणि खडे मात्र रोज वेचावेत. आठवड्यातील दोन संध्याकाळी केवळ मुलींसाठी ठेवाव्यात आणि त्या कोणत्याही कारणाने मुलांना देऊ नयेत, कारण एकदा दिल्या की परत मिळत नाहीत. प्रशिक्षक नेमताना त्याची पूर्ण चौकशी करावी. बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा मंडळीच्या आवारालाही लागू आहे. अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हा त्याखाली गुन्हा आहे, मग आरोपी कितीही मानाचा असो. कोणतेही मूल एकट्या प्रौढाबरोबर बंद खोलीत असू नये, आणि सराव चालू असताना निदान दोन प्रौढ समोर असावेत.

ते दोन प्रौढ कोठून आणावेत, अशी अडचण नेहमी सांगितली जाते. जखऱ्याने मुलांच्या आधीच्याच ओवीत त्यांची सोय करून ठेवली आहे : चौकात बसलेली, हाती काठी असलेली म्हातारी माणसे. प्रत्येक मंडळीत निवृत्त शिक्षक, परिचारिका, रेल्वेतील नोकरदार असतातच, आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा त्यांना बहुधा काही काम नसते. सभागृहातील चार खुर्च्या बाहेर सावलीत आणून ठेवाव्यात.